आधीं कान, मग पाना

गेल्या दसऱ्यास आमच्या घरीं एक नवी फटफटी आली. आमच्या धाकट्या मुलाची नोकरी पांचगणीस एका बँकेंत. बिऱ्हाड आमच्याजवळ वाईस. रोज सकाळीं पसरणीचा घाट चढावयाचा आणि सायंकाळीं उतरावयाचा, असा त्याचा क्रम. एस. टी. च्या वेळा आणि कचेरीच्या वेळा कांहीं केल्या जुळेनात, तेव्हां घरांत विचार होऊन ही गाडी घेण्याचें ठरलें. सूनबाईंनीं तिला हळदकुंकूं लाविलें, सौभाग्यवतींनीं ओवाळिलें, आमच्या हस्तें नारळ वाढविला गेला, आणि हँडलास झेंडूची एक घसघशीत माळ बांधून गाडी दाराबाहेर पडली.

दहा पावलें गेली नसेल तोंच 'फर्र फर्र' असा आवाज येऊं लागला. सर्वांचे चेहरे उतरले. शेजारच्या एका गृहस्थांनीं इंजिनांतच दोष असल्याचें तत्काळ जाहीर केलें. दुसऱ्यांनीं गाडी परत करण्याचा सल्ला दिला. आमच्या सहा वर्षांच्या नातीनें मात्र खालीं वाकून पाहिलें आणि म्हटलें, "आजोबा, माळ चाकाला लागते आहे." माळेचें सुटलेलें टोंक वर बांधतांच आवाज थांबला. प्रसंग हंसण्यावारीं गेला. परंतु आवाजाच्या निदानाचें सारें शास्त्र त्या एका प्रसंगांत बीजरूपानें होतें, हें आम्हांस महिन्याभरानें, आणि तेंहि थोडी शरम सोसून, कळावयाचें होतें.

प्रस्तुत लेख यंत्रज्ञांसाठीं नाहीं. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. सायकल आणि घरचें शिवणयंत्र यांपलीकडे कोणत्याहि यंत्राशीं आमचा परिचय नव्हता. परंतु हल्लीं घरोघरीं फटफटी आहे, आणि तिजवर बसून आपलींच मुलें, सुना, नातवंडें रोज रस्त्यावर जात असतात. तेव्हां तिच्याविषयीं चार गोष्टी ठाऊक असणें हें औषधाच्या पेटीइतकेंच गृहस्थाश्रमाचें अंग झालें आहे, असें आम्हांस वाटतें.

आमची चूक

गाडी साडेसातशें किलोमीटर चालल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगसाठीं दुकानीं दिली. तेल बदललें, साखळी ताणली, आणि गाडी धुऊन पुसून परत आली. दुसऱ्याच दिवशीं सायंकाळीं मुलगा म्हणाला, "अण्णा, मागून कांहीं तरी टकटक ऐकूं येतं." आम्ही वर्तमानपत्रावरून मान वर न करितां उत्तर दिलें, "नवं यंत्र आहे. नवा जोडासुद्धां चार दिवस करकरतो. रुळेल हळूहळू."

हें उत्तर आम्ही कोणत्या अधिकारानें दिलें? पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या माणसाला एक खोड जडते. प्रश्न कानीं पडतांच उत्तर ओठांवर येतें, आणि 'ठाऊक नाहीं' असें म्हणणें जिवावर येतें. मुलानें वडिलांच्या शब्दास मान दिला. पुढें तीन दिवस तो तसाच घाट चढला आणि तसाच उतरला.

चौथ्या दिवशीं दिवेलागणीस तो गल्लीच्या तोंडाशीं इंजिन बंद करून गाडी ढकलीत अंगणांत आला. सौभाग्यवती तुळशीपाशीं दिवा लावीत होत्या. त्या वळून म्हणाल्या, "अहो, इंजिन बंद आहे ना? मग टकटकतंय काय?"

या एका प्रश्नानें आम्ही चमकलों. आमच्या गल्लींत एक वृद्ध मेस्त्री राहतात. त्यांचें गॅरेज आतां बंद आहे, पण हात अद्याप चालतो. त्यांना बोलावून आणिलें. ते येतांना पाना आणतील अशी आमची अपेक्षा, त्यांनीं येतांच विचारलें, "गुरुजी, खडू आहे का घरात?" खडूची आमच्या घरीं वाण नव्हती. त्यांनीं गाडी दुहेरी स्टँडवर चढविली, मागल्या टायरावर खडूची एक रेघ ओढली आणि चाक हातानें सावकाश फिरवूं लागले. रेघ पांच वेळां वर आली, तेवढ्यांत टकटक दोनदांच झाली. "हा आवाज चाकाचा नाही. चेनचा आहे," असें म्हणून त्यांनीं बोटें एक्सलच्या नटावर ठेविलीं. नट बोटांनीं फिरला.

साखळी ताणल्यावर तो नट पुरता आवळला गेला नव्हता, आणि तो सुटूं नये म्हणून त्यांतून जी पिन घालावयाची ती घातलीच नव्हती. एक्सल एका बाजूस सरकून चाक तिरकें झालें होतें. सैल पडलेली साखळी तिच्या पत्र्याच्या झांकणास लागून वाजत होती. अशा चाकावर आमचा मुलगा तीन दिवस बारा-तेरा किलोमीटरांचा घाट उतरून घरीं आला होता. आणखी किती दिवस तें चाक टिकलें असतें, हें मेस्त्रींनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीहि विचारलें नाहीं. त्या रात्रीं मात्र आम्हांस झोंप लागली नाहीं.

दुकानदारानें दुसऱ्या दिवशीं चूक पत्करून सर्व नीट करून दिलें. चूक त्याची खरीच. पण मुलानें ती पहिल्याच दिवशीं आम्हांस सांगितली होती, आणि आम्हीं ती ऐकून घेतली नव्हती. त्यानंतर गाडीबरोबर आलेली पुस्तिका आम्ही अथपासून इतिपर्यंत वाचली, मेस्त्रींकडे सकाळच्या फेऱ्या घातल्या, आणि जें समजलें तें टिपून ठेविलें. त्याचें सार पुढें देत आहों.

अन्वय आणि व्यतिरेक

न्यायशास्त्रांत कार्यकारणभाव ओळखण्याची एक जुनी रीत आहे. जें असतांना दुसरें असतें, तो अन्वय. जें नसतांना दुसरेंहि नसतें, तो व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कारण हातीं लागलें असें समजावें. माळ असतांना फर्रफर होती, माळ बांधतांच थांबली. इंजिन बंद असतांनाहि टकटक होती, म्हणून ती इंजिनाची नव्हे. आम्ही ही रीत वर्गांत पुष्कळदां समजावून दिली होती. आमच्या अंगणांत मात्र ती प्रथम सौभाग्यवतींनीं चालविली.

आवाज ऐकूं आला कीं पाना शोधण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. पहिला, आवाज इंजिनाबरोबर वाढतो कीं चाकाबरोबर? दुसरा, तो गाडी थंड असतांना येतो, तापल्यावर येतो, कीं नेहमींच? तिसरा, तो कशानें सुरू होतो : ब्रेक दाबल्यानें, हँडल वळविल्यानें, खड्ड्यांत आपटल्यानें, कीं चढावर? चौथा, आणि आमच्या अनुभवानें सर्वांत मोलाचा, तो कशानंतर सुरू झाला? ज्या ठिकाणीं नुकताच कोणाचा हात लागला असेल, तें ठिकाण प्रथम पहावें. सर्व्हिसिंगनंतरचा नवा आवाज हा कधींहि 'रुळण्याचा' आवाज समजूं नये.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर तीन चांचण्यांनीं मिळतें. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्यें ठेवून, इंजिनास थोडी रेस द्यावी; आवाज आला तर तो इंजिनाचा किंवा त्यास जोडलेल्या भागांचा. मग इंजिन बंद करून गाडी ढकलून पहावी. आवाज आला तर चाक, साखळी किंवा ब्रेक. या दोहोंतून निकाल लागला नाहीं, तर मोकळ्या व सपाट रस्त्यावर, मंद वेगानें जातांना क्षणभर क्लच दाबावा. इंजिनाचा वेग उतरला तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकांकडला. इंजिनाबरोबर तोहि उतरला, तर इंजिनाकडला. ही तिसरी चांचणी घाटांत, गर्दींत किंवा ओल्या रस्त्यावर करूं नये, आणि चालत्या गाडीची किल्ली तर कधींच बंद करूं नये.

यांत थोडें गणितहि आहे. साध्या फटफटीच्या चाकाचा परीघ दोन मीटरांस थोडा कमी असतो. म्हणजे गाडी चालत्या माणसाच्या वेगानें ढकलली, तर चाकाचा फेरा दीड-दोन सेकंदांनीं पुरा होतो. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें, म्हणजे सेकंदास १० मीटर, गेली तर सेकंदास सुमारें पांच फेरे होतात. उलट, उभ्या गाडीचें इंजिन मंद चालत असतांनाहि मिनिटास सुमारें १४०० फेरे घेतें, म्हणजे सेकंदास तेवीस. फोर-स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक झडप दर दोन फेऱ्यांस एकदां उघडते. तिची टकटक सेकंदास अकरा-बारा वेळां होते आणि ती शिवणयंत्राच्या घरघरीसारखी सलग वाटते. यावरून एक स्थूल नियम निघतो. हळू वेगांत ज्या आवाजाचे ठोके तोंडानें मोजतां येतात, तो बहुधा चाकाकडला. ज्याचे मोजतां येत नाहींत, तो इंजिनाचा.

खडूचें रहस्यहि हेंच आहे. रेघ वर येईल त्या प्रत्येक वेळीं आवाज झाला, तर दोष चाकांत, टायरांत किंवा ब्रेकांत पहावा. साखळी मात्र चाकाहून लांब. तिचा एक पूर्ण फेरा होईतों चाकाचे साधारण अडीच फेरे होतात. म्हणून पांच फेऱ्यांत दोन ठोके पडले, तेव्हां मेस्त्रींनीं साखळीचें नांव घेतलें.

आयुर्वेदांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांत उपशय हें एक. रोग गूढ असेल तेव्हां एखादा उपाय करून पहावा, आणि बरें वाटतें कीं नाहीं यावरून रोग ओळखावा. गाडीसहि हें लागू आहे. पण एका वेळीं एकच उपाय करावा. साखळीस तेल दिलें, हवा भरली आणि बोल्टहि आवळले, असें एकदमच केलें, तर आवाज जाईल, पण कशानें गेला हें कळणार नाहीं, आणि तो पुन्हां आल्यास पुन्हां तिन्ही करावें लागेल.

निरुपद्रवी आवाज

सर्वच आवाज रोगाचे नसतात. आमच्यासारख्या जुन्या माणसांस नव्या गाडीचे कांहीं आवाज केवळ अपरिचयामुळें भिववितात.

किल्ली फिरवितांच टाकीकडून दोन-तीन सेकंद 'झीं' असा बारीक आवाज येतो. भारतांत १ एप्रिल २०२० पासून 'बी. एस. सहा' हे धुराविषयींचे कडक नियम लागू झाले, आणि बहुतेक फटफटींचा कार्ब्युरेटर जाऊन त्या जागीं पेट्रोल मोजून फवारणारी विजेची योजना आली. तो आवाज टाकींतील पंपाचा. तो थांबेपर्यंत क्षणभर थांबून मग सेल्फ मारावा. हा पंप पेट्रोलांत बुडून थंड राहतो, म्हणून टाकी अगदीं कोरडी होईतों गाडी चालविण्याची संवय लावूं नये.

गाडी बंद केल्यावर सायलेन्सरांतून पांच-दहा मिनिटें 'टिक् टिक्' होत राहतें. आम्ही पहिल्या आठवड्यांत रोज उठून पाहत होतों. सौभाग्यवतींनीं कारण सांगितलें : "तवा उतरून ठेवला की तोही वाजतो." तापलेला धातु निवतांना आक्रसतो, त्याचाच हा शब्द.

रात्रीं पाऊस किंवा दंव पडून गेल्यावर सकाळीं प्रथम ब्रेक दाबतांना डिस्कवरून खरखर होते. तिजवर तांबेऱ्याचा पातळ थर चढलेला असतो. तीन-चार वेळां ब्रेक लावतांच तो निघून जातो. न गेला तर मात्र गोष्ट निराळी.

इंजिनाच्या माथ्यावरील हलकी, एकसारखी टिकटिक ही टॅपेटची. झडप आणि तिला दाबणारा भाग यांमध्यें मुद्दाम फट ठेविलेली असते. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, कारण तापल्यावर धातु लांबतो. कित्येकांस ही टिकटिक खपत नाहीं आणि ते मेस्त्रीकडून फट बुजवून घेतात. हा शुद्ध घात होय. फट नाहींशी झाली तर झडप आपल्या जागीं पुरती बसत नाहीं, तिची उष्णता निघून जात नाहीं, आणि अखेर ती जळते. बोलकें टॅपेट किंचित् त्रासदायक असतें. मुकें टॅपेट घातक असूं शकतें. टिकटिक एकाएकीं मोठी झाली तरच इंजिन थंड असतांना फट मोजून घ्यावी.

आवाज नव्हे, पण याच सदरांतील आणखी एक गोष्ट. रस्त्यांतील भलीं माणसें हात हलवून "दिवा चालू आहे" असें बजावितात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढला दिवा इंजिन चालू असेतों पेटलेलाच राहतो. तो दोष नव्हे, नियम आहे.

दुर्लक्ष करूं नयेत असे आवाज

चढावर वरच्या गिअरमध्यें गाडी कण्हूं लागली आणि इंजिनांतून 'खड् खड्' असा खडे हलविल्यासारखा शब्द आला, तर गिअर तत्काळ उतरवावा. पेट्रोलाचा वायु अवेळीं पेटून दट्ट्यावर आघात होत असल्याची ती खूण आहे. गिअर उतरवितांच आवाज गेला, तर दोष गाडींत नसून आपल्या डाव्या पायांत होता असें समजावें. सपाटीवरहि तो येत राहिला, तर गाडी दाखवावी.

पुढला ब्रेक लावतांना किंवा खड्ड्यांत हँडलाच्या मुळाशीं 'ठक्' असें झालें, तर कोन-सेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगांवर वळतें तीं, सैल झालीं असावीं. पुढला ब्रेक दाबून धरून गाडी उभ्याउभ्या मागेंपुढें हलविली, तर तो ठोका हातास जाणवतो. नव्या गाडींत पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरांत हें होणें नवलाचें नाहीं. परंतु तें तसेंच ठेवूं नये.

वेगाबरोबर वाढणारी आणि क्लच दाबूनहि न बदलणारी घूं घूं ही चाकाच्या बेअरिंगची असते. ब्रेक दाबतांना धातूवर धातु घासल्याचा करकरीत आवाज आला, तर लायनर किंवा पॅड झिजून संपले. त्या दिवशीं गाडी घाटांत नेऊंच नये. इंजिनांतून खोल, जड ठोके येऊं लागले, किंवा तेलाचा दिवा लागला, तर तेथेंच इंजिन बंद करून गाडी ढकलीत न्यावी. ढकलण्याचे श्रम इंजिनाच्या खर्चापुढें कांहींच नाहींत.

याउलट पुष्कळशी खडखड ही इंजिनाची नसून अलंकारांची असते. नंबराची पाटी, साडीगार्ड, पायांपुढील लोखंडी कठडा, साखळीचें झांकण, आरसे, हीं एखाद्या ठराविक वेगावरच वाजतात. गाडी उभी असतांना एकेकास हातानें धरून, दुसऱ्यास रेस द्यावयास सांगावें. ज्यास धरतांच आवाज थांबतो, तो अपराधी. मात्र तापलेल्या सायलेन्सरास व फिरत्या भागांस हात लावूं नये.

आठवड्याची निगा

निगेस रविवारचीं वीस मिनिटें पुरतात. आमच्या घरीं हें काम आतां सूनबाई आणि आम्ही मिळून करितों, आणि साखळीच्या बाबतींत त्यांचा हात आमच्याहून चांगला बसला आहे.

प्रथम हवा. गाडी चालवून येण्यापूर्वीं, टायर थंड असतांना ती पहावी. किती असावी तो आंकडा पुस्तिकेंत आणि बहुधा गाडीवरच चिकटविलेल्या कागदावर असतो. आमच्या गाडीस पुढें २५ आणि मागें २९ पौंड. मागें माणूस बसणार असेल तर मागील हवा अधिक लागते. हवा कमी असल्यास गाडी वळणावर लोळते, पेट्रोल अधिक खाते, आणि टायर कडेनें झिजतो.

दुसरें तेल. सपाट जागीं, दुहेरी स्टँडवर, इंजिन कांहीं मिनिटें चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटें थांबून काठी पहावी. पातळी दोन खुणांच्या मध्यें असावी. लहान फटफटींत सारें मिळून लिटरभर तेल असतें, आणि इंजिन, गिअर व क्लच हीं तिन्ही त्या एकाच तेलांत न्हात असतात. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच तेल घालावें. मोटारीचें तेल महाग म्हणून चांगलें असा समज करून तें घातल्यास क्लच घसरूं शकतो. नव्या गाडीचें पहिलें तेल वेळेवर बदलणें फार महत्त्वाचें आहे. नवे भाग एकमेकांवर बसतांना निघालेला बारीक चूर त्या तेलाबरोबर बाहेर जातो.

तिसरी साखळी. दोन दांतेरी चाकांच्या मध्यावर ती बोटानें वरखालीं हलवून पहावी. आमच्या पुस्तिकेंत ही ढील २० ते ३० मिलिमीटर सांगितली आहे. चाक फिरवीत तीन-चार ठिकाणीं पहावें आणि जेथें ती सर्वांत ताठ असेल तेथील माप धरावें. ताठ साखळी चांगली, असा पुष्कळांचा ग्रह असतो; परंतु गाडीवर माणूस बसला कीं मागला भाग दबून साखळी आणखी ताणली जाते, आणि मग ती बेअरिंगें खाते. साधारण दर ५०० किलोमीटरांस, आणि पावसाळ्यांत आठवड्यास, साखळी पुसून तिच्या आंतल्या अंगास तेल द्यावें. चाक हातानेंच फिरवावें. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून साखळी पुसणें म्हणजे बोटें गमावण्याची तयारी होय. साखळी ताणली असेल तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत, एक्सलचा नट घट्ट आहे, आणि पिन असल्यास ती जागेवर आहे, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पहावें. हें वाक्य आम्ही आमच्या दाराच्या आंतल्या बाजूस लिहून ठेविलें आहे.

चौथे ब्रेक व क्लच. मागला ब्रेक पायानें किती दाबल्यावर धरतो, आणि क्लचच्या दांड्यास किती ढील आहे, तें पहावें. अगदीं ढील नसणें हेंहि जास्त असण्याइतकेंच वाईट. पांचवें, दिवे, भोंगा, आणि दिसतील तेवढे नट-बोल्ट. गाडी धुतांना तापलेल्या इंजिनावर पाणी ओतूं नये, आणि जोराच्या पाण्याचा झोत चाकांच्या मध्यावर किंवा बटणांवर मारूं नये. धुतल्यावर साखळीस तेल द्यावें.

पहिल्या हजार किलोमीटरांत गाडीस फार पळवूं नये, फार लादूं नये, आणि तासन्‌तास एकाच वेगानेंहि चालवूं नये. घाट उतरतांना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्यें इंजिनाचा आधार घ्यावा; पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें उतरल्यास सगळा भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक पुरतें धरीत नाहींत.

येथें वडीलधाऱ्यांस एक विनंती. आपल्या तरुणपणीं राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागे. आजच्या फोर-स्ट्रोक गाडींत तसें केल्यास प्लग व धुराची नळी बिघडते. आपला अनुभव खोटा नव्हता. तो ज्या यंत्राचा होता तें यंत्र गेलें, एवढेंच. टॅपेट, इंजिन, पेट्रोलाचा पंप यांस घरीं हात लावूं नये. तीं कामें जाणत्याचीं, आणि हमीच्या मुदतींत तर कंपनीच्या दुकानाचींच. परंतु दुकानीं जातांना "आवाज येतो" एवढेंच न सांगतां, केव्हां, कशाबरोबर आणि कशानंतर येतो हें कागदावर लिहून न्यावें. चांगला वैद्यहि रोग्याच्या सांगण्यावरच विसंबतो.

उपसंहार

खंडेनवमीस आपण शस्त्रें, आउतें, पुस्तकें यांची पूजा करितों आणि दसऱ्यास वाहनास माळ घालतों. वर्षांतून एकदां फुलें वाहावयाचीं आणि उरलेले दिवस ढुंकून पहावयाचें नाहीं, ही पूजा अपुरी आहे. ज्या वस्तूच्या हवालीं आपण आपलें माणूस करितों, तिच्याकडे आठवड्यांतून वीस मिनिटें लक्ष देणें ही तिची खरी पूजा.

गेल्याच आठवड्यांत मुलगा संध्याकाळीं येऊन म्हणाला, "अण्णा, पुढून जरा खुळखुळ येते." आम्ही वर्तमानपत्र खालीं ठेविलें, चष्मा पुसला आणि विचारलें, "केव्हां येते? ब्रेक लावतांना, कीं खड्ड्यांत?" तो क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिला. मग आम्ही दोघे अंगणांत गेलों. आरशाचा नट सैल झाला होता. दोन मिनिटांचें काम. पण त्या दोन मिनिटांत मुलाच्या चेहऱ्यावर जें समाधान आम्हांस दिसलें, तें नट आवळल्याचें नव्हतें.

असो. नव्या यंत्राचें ऐकावें, तसेंच त्यावर बसणाऱ्याचेंहि ऐकावें. पाना काय, पेटींत आहेच.